नावाचा रकाना कोरा

यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. जे ऐकलं ते ऐकल्यासारखं, आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते पाहिल्यासारखं लिहिते आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

ही गोष्ट माझ्या धाकट्या जावेची. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात, म्हणून मीही इथे धाकटीच म्हणते.

रविवार होता. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन.

भुताखेतांची वेळच नव्हती ती.

धाकटी काम करते ती प्रयोगशाळा काविळीची कारणं शोधणारी. दुमजली इमारत, वरच्या मजल्यावर लांब बोळ, आणि बोळाच्या टोकाला हिची खोली. काविळीचे पाच मुख्य विषाणू सगळ्यांना ठाऊक असतात. पण त्या वर्षी एका वसतिगृहात बावीस मुली पिवळ्या पडल्या आणि पाचही तपासण्या कोऱ्या आल्या. म्हणजे हा कोणी सहावाच होता.

सर म्हणायचे, "पाहुणा घरात शिरलाय, जेवून जातोय, पण नाव सांगत नाही."

सर म्हणजे तिथले प्रमुख. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांनी सगळ्या नमुन्यांना नुसते आकडे दिले होते. कोणता आकडा कोणाचं रक्त, ती यादी त्यांच्या कपाटात कुलपात. काम करणाऱ्याला आधी कळलं तर त्याला हवं तेच दिसायला लागतं, म्हणून.

धाकटीचं काम काचेच्या बाटल्यांत यकृताच्या पेशी वाढवायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचं आणि मग एकेक नमुना त्यांच्यावर सोडून वाट पाहायची. पेशींना रविवार नसतो. म्हणून दहा महिन्यांची लेक चिमणी माझ्या मांडीवर टाकून ती निघाली.

"ताई, पाजलंय तिला. पाचच्या आत येतेच. तोवर नाही मागायची."

"जा गं. तुझी ती बाटलीतली लेकरं उपाशी असतील," मी म्हटलं.

हसत गेली.

वर गेल्यावर तिने गोठवणाऱ्या कपाटातून एक्केचाळीस नंबरची कुपी काढली. तळहाताएवढ्या डब्यात एकुलती एक कुपी. तळाशी पिवळसर द्रव. तो वितळला, आणि मग तिच्या लक्षात आलं की द्रव ओढायचं विजेचं पिपेट बंद पडलंय. नवी छोटी पिपेटं दुरुस्तीला गेलेली. रबरी फुगा शोधला, तर त्याला चीर पडलेली. दाबला की नुसता फुस्स.

भांडारखोलीला कुलूप.

एकदा वितळलेला नमुना पुन्हा गोठवला तर त्याची माती होते. दुसरी कुपी नाही. पेशी मात्र बरोबर त्या दिवशी तयार झालेल्या.

तळच्या खणात जुनी काचेची पिपेटं होती. लांब, बारीक नळ्या. वरच्या तोंडाशी कापसाचा छोटा बोळा. पूर्वीचे लोक त्या नळीला तोंड लावून द्रव ओढायचे आणि वर बोट दाबून धरायचे. कॉलेजात असताना हीसुद्धा शिकली होती. रंगीत पाण्यावर.

समोरच्या भिंतीवर लाल अक्षरांत पाटी होती : पिपेटला तोंड लावू नये.

धाकटीने पाटीकडे पाहिलं. मग घड्याळाकडे.

एकदाच, ती मनाशी म्हणाली.

पहिल्यांदा नीट जमलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा कुपीत द्रव कमी उरला होता. नळीचं टोक वर आलं, हवा शिरली, आणि द्रव एकदम उसळून वर आला.

कापूस ओला झाला.

जिभेवर काहीतरी आलं. गार. खारट.

ती बेसिनकडे धावली. थुंकली. चूळ भरली, पुन्हा भरली, औषधी पाण्याने भरली. हिरड्या झोंबेपर्यंत. नळ बंद केला आणि काठाला धरून उभी राहिली.

आणि तेव्हा मागून...

सुर्र...

कोणीतरी काहीतरी ओढलं. सावकाश. सवयीने. आणि बरोबर हव्या त्या ठिकाणी थांबवलं.

ती वळली.

खोली रिकामी. स्टूल जागच्या जागी. पंखा बंद.

मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला, वर्षानुवर्षं न वापरलेल्या बेसिनपाशी...

थू.

आणि तिथला नळ वाहायला लागला.

धाकटी भित्री नाही. तिने जाऊन नळ बंद केला, उरलेला नमुना पेशींवर सोडला, बाटल्यांवर आकडे लिहिले, सगळं जागेवर ठेवलं. काम पुरं केलं.

दाराशी दोरीला पेन बांधलेली अपघात-वही असते. कोणाला सुई टोचली, कोणाच्या अंगावर काही सांडलं, तर तिथे लिहायचं आणि सरांना कळवायचं. नाव, नमुना, कसं घडलं, असे रकाने.

तिने पेन हातात घेतलं. काय लिहायचं? तोंडाने ओढलं? इतकी शिकलेली बाई, समोर पाटी, आणि तोंडाने ओढलं? उद्या सगळ्या मजल्यावर हसं. कदाचित कामावरूनही दूर.

पेन तिने पुन्हा लटकवलं.

घरी आली तेव्हा चिमणी तिला पाहून दोन्ही हात पसरून झेपावली. धाकटी दोन पावलं मागे सरली.

"ताई, तिला वरचं दूध द्या आजपासून."

"का गं? काय झालं?"

"सर्दी झालीय मला."

सर्दी कसली. नाक कोरडं ठणठणीत. त्या रात्री तिने स्वतःचा पेला, ताट, टॉवेल सगळं वेगळं काढलं. चिमणीच्या कपाळावर ओठसुद्धा टेकवले नाहीत. मला वाटलं, भाऊजींशी काही बिनसलंय. पण झोपायच्या आधी न्हाणीच्या दाराशी गेले, तर आतून बारीक आवाज येत होता. ती अंगावरचं दूध पिळून मोरीत सोडत होती.

आणि रडत होती. आवाज न करता.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी पोहोचली. अपघात-वही उघडी होती.

नव्या पानावर एक ओळ होती...

नमुना क्र. ४१. तोंडावाटे. दिवस पहिला.

निळी शाई. उजवीकडे झुकलेलं, रेखीव अक्षर. दोरीला बांधलेल्या पेनाची शाई काळी होती.

नावाचा रकाना कोरा.

तिने आजूबाजूला पाहिलं, पान टरकन फाडलं, घडी घालून कोटाच्या खिशात कोंबलं. कोणी पाहिलं असेल? रविवारी वर कोणीच नव्हतं. खाली पहारेकरी होता, त्याला तर पिपेट म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं.

मंगळवारी वही उघडली.

तीच ओळ. तसंच अक्षर. आणि खाली आणखी एक...

दिवस एकोणिसावा. भूक नाही. चहा नकोसा.

तिने खिशातलं फाडलेलं पान काढलं. घडी उलगडली.

कोरं होतं. नुसते छापील रकाने.

तिचा तर तिसराच दिवस होता. मग एकोणिसावा कोणाचा? का अजून सोळा दिवसांनी काय होणार, ते कोणी आधीच लिहून ठेवत होतं? त्या दिवशी तिला खरंच घास उतरला नाही. भीतीने, की कशाने, तिचं तिलाच कळेना.

बुधवारी...

दिवस तेविसावा. सिगारेट नकोशी. लघवी गडद.

सिगारेट? धाकटीने जन्मात सिगारेट ओढली नव्हती. पण घाबरलेल्या माणसाला नको तेवढंच दिसतं. तिला "लघवी गडद" एवढंच दिसलं, आणि दिवसभरात ती सहा वेळा पाहून आली.

दुपारी तिने तळचा खण उघडला. काचेची पिपेटं ओळीने ठेवलेली होती.

प्रत्येकाच्या तोंडाचा कापूस ओला होता.

भांडी धुणारे मामा तेव्हाच आत आले. मामांना सगळे मिनिटभर म्हणायचे. काहीही सांगा, उत्तर ठरलेलं, "मिनिटभर थांबा." त्यांच्या मिनिटात दुसऱ्यांची जेवणं व्हायची.

"मामा, ही जुनी पिपेटं कोण वापरतं हो?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ती? ती कोण वापरतंय बाई. थेंबकाका गेले तेव्हापासून पडून आहेत."

"थेंबकाका?"

"तुम्ही नव्हता तेव्हा. याच खोलीत बसायचे. तोंडाने ओढायचे, पण काय हात! एक थेंब इकडचा तिकडे नाही. नवी साधनं आली तर म्हणायचे, रबरी फुग्याला काय कळतंय? त्याला जीभ आहे का?" मामा हसले. मग हसू ओसरलं. "कावीळ झाली. गेले. अकरा वर्षं झाली."

"कशाने झाली?"

मामा हातातला ट्रे पुसत राहिले. पुसून झालेलाच ट्रे.

"डॉक्टर विचारत होते, काही तोंडात गेलं का? काका शेवटपर्यंत नाही म्हणाले. माझा थेंब चुकत नाही म्हणाले."

"आणि?"

"आजवर कोणाला बोललो नाही बाई. एकदा मी आत आलो, तर काका त्या वहीचं पान फाडत होते. मला म्हणाले, मामा, मिनिटभर पाठ फिरवा." मामांनी ट्रे खाली ठेवला. "मी पाठ फिरवली. वळलो तेव्हा बेसिनमध्ये राख होती."

धाकटीचा हात कोटाच्या खिशात होता. बोटांना घडी लागत होती.

गुरुवारी तिने वही उघडायची नाही असं ठरवलं होतं. पण आत जायला दार एकच, आणि दाराशी वही.

उघडीच होती...

दिवस सत्ताविसावा. डोळे पिवळे. आरशात पाहिलं. कोणाला सांगितलं नाही.

ती धावत बेसिनवरच्या आरशाशी गेली. खालची पापणी ओढली. एक डोळा. दुसरा डोळा.

पांढरे होते.

श्वास सुटला तिचा. आणि मग आरशात तिला मागचं काचेचं कपाट दिसलं. कुलूपबंद. आत रिकाम्या बाटल्यांच्या रांगा.

कपाटाच्या काचेवर आतल्या बाजूने वाफ धरली होती.

तोंडाएवढी.

ती वाफ विरली. पुन्हा धरली. विरली...

त्या संध्याकाळी चिमणी बाटली तोंडात घेईना. रडून रडून लालबुंद झाली. धाकटी भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून बसली होती. तिच्या अंगावरचे कपडे दुधाने ओले झाले होते.

माझा धीर सुटला. "अगं घे की तिला! पोर तुझी आहे की शेजाऱ्यांची?"

"मी विष आहे ताई," ती म्हणाली.

आणि मग तिने सगळं सांगितलं. वरच्यासारखंच, सलग, एकही अश्रू न काढता. मी चिमणीला खांद्यावर थोपटत ऐकत होते. मनातल्या मनात देवाचं नाव चालू होतं.

"त्यांनी लपवलं आणि गेले," मी म्हटलं. "तूही तेच करते आहेस. उद्या पहिलं काम, सरांना सांगायचं."

"काढून टाकतील मला."

"टाकू देत. तू नाही सांगितलंस तर मी येते पदर खोचून. आणि मी बोलायला लागले की थांबत नाही, ते तुला ठाऊक आहे."

तेवढ्यातही तिला बारीक हसू आलं.

शुक्रवारी ती सरांच्या खोलीत उभी राहिली आणि एका दमात बोलून मोकळी झाली. सर आधी भडकले.

"तोंडाने? तू? पहिल्या वर्षाच्या पोराने केलं असतं तर कान उपटला असता मी! घरी तान्हं मूल आहे तुला! पाच दिवस गप्प बसलीस?"

"चुकलं सर."

"वहीत लिहिलंस?"

"मी नाही लिहिलं, सर," ती म्हणाली. "पण लिहिलेलं आहे."

सरांनी वही मागवली. चष्मा लावला. आणि पहिल्या ओळीवरच त्यांचा चेहरा उतरला. बोट एकेका ओळीवरून सरकत गेलं. सिगारेटपाशी थांबलं.

"हे अक्षर..."

ते उठले, कपाट उघडलं, नमुन्यांची यादी काढली. एक्केचाळीस.

यादी त्यांनी तिच्यासमोर ठेवली.

एक्केचाळीस नंबर वसतिगृहातल्या कोणा मुलीचा नव्हता. ते थेंबकाकांचं रक्त होतं. रुग्णालयात असताना घेतलेलं, अकरा वर्षं गोठवून ठेवलेलं. त्यांच्याही पाचही तपासण्या तेव्हा कोऱ्या आल्या होत्या. तोच हा निनावी पाहुणा आहे का, ते पाहायला सरांनी ती कुपी गुपचूप नव्या नमुन्यांत मिसळली होती. हे जगात फक्त सरांना ठाऊक होतं.

"अकरा वर्षं मी एकाच आकड्यासाठी अडलोय," सर हळू म्हणाले. "तोंडात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला किती दिवस लागतात? तो कळला तर त्या मुलींनी कोणत्या आठवड्यात काय खाल्लं-प्यालं ते शोधता येईल. काकांचे डोळे कधी पिवळे झाले ते रुग्णालयाच्या कागदांत आहे. गिळलं कधी ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. मी हात जोडले होते त्यांना."

सत्ताविसावा.

सरांनी जुने कागद काढले आणि बोटांवर दिवस मोजले. मोजून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे काका एक्कावन्नाव्या दिवशी गेले."

त्यांनी स्वतः धाकटीचं रक्त घेतलं. दर आठवड्याला घ्यायचं ठरलं. सगळं ठीक असेल तर बावन्नाव्या दिवशी शेवटचं. तोवर चिमणीला पाजायचं नाही, दूध काढून टाकत राहायचं म्हणजे आटणार नाही. कामावरून काढायचं तर दूरच, सरांनी तिला तिथेच बसवून पाणी पाजलं. त्यांच्यासमोर तिने वहीत आपलं नाव घालून स्वतःची वेगळी नोंद केली. मग वही त्यांच्या कपाटात गेली. किल्ली एकच, तीही त्यांच्या खिशात.

त्या दिवसापासून आवाज बंद झाले. कापूस कोरडा राहिला. कपाटाच्या काचेवर काही धरलं नाही.

वसतिगृहातल्या चौकशीत सत्तावीस दिवस मागे जाऊन पाहिलं, तर त्याच आठवड्यात पाण्याची टाकी फुटल्याचं आणि जुन्या विहिरीला पंप लावल्याचं निघालं. विहीर बंद केली. त्यानंतर आणखी एकही मुलगी आजारी पडली नाही.

घरात मात्र आम्ही दिवस मोजत होतो. धाकटी दिवसातून चार वेळा न्हाणीत जाऊन दूध मोरीत सोडायची. भाऊजी दाराबाहेर चिमणीला घेऊन उभे राहायचे, नुसतेच. धाकटी जेवायची कसलं, ताटातलं ताटात फिरवायची. गालफडं बसली. चाळिसाव्या दिवसानंतर तर आम्ही कोणी तिच्या डोळ्यांत सरळ बघत नसू. न जाणो, काही दिसलं तर?

बावन्नावा दिवस मंगळवारी आला.

दुपारी चार वाजता सरांनी तिला बोलावलं. अहवाल पुढे केला. यकृताचा आकडा न् आकडा जागेवर होता.

"जा," सर म्हणाले. "लेकीला घे जाऊन. तेवढी नोंद बंद करतो, मग नीघ."

त्यांनी खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं, वही टेबलावर ठेवली. पान काढलं.

आणि दोघंही तसेच राहिले...

सत्ताविसाव्या दिवसाच्या ओळीखाली, निळ्या शाईत, त्याच झुकलेल्या अक्षरात, अजून न वाळलेली एक ओळ होती.

दिवस बावन्नावा. भूक लागली.

सरांनी वही मिटली. कपाटात ठेवून पुन्हा कुलूप लावलं. ती घरी निघाली.

घरी आल्यावर तिने आधी चिमणीला घेतलं. बावन्न दिवसांनी. पोरीने एक क्षण तोंड फिरवलं, हुंगलं, आणि मग अशी लुचायला लागली की आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मी देवापुढे दिवा लावला आणि पानं घेतली.

पीत पीत चिमणी झोपली. तिला निजवून धाकटी जेवायला बसली. वहीतली ती ओळ तिने मला नंतर, चार दिवसांनी सांगितली. तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. मी आनंदाने वाढत होते.

एक ताट संपलं. दुसरं संपलं. धाकटी पाखरासारखी खाणारी, कडा सोडून मधलं तेवढं टिपणारी. त्या दिवशी ताट पुसून निघत होतं. मान वर नाही. बोलणं नाही. भाऊजी गमतीने म्हणाले, "अगं, आमच्यासाठी ठेवशील ना?" तिला ऐकूच गेलं नाही.

तिसऱ्यांदा तिने ताट पुढे सरकवलं.

"वाढा."

नुसतंच वाढा. ताई नाही, काही नाही. लग्न होऊन आल्यापासून ती मला ताई म्हटल्याशिवाय पाणीसुद्धा मागत नाही.

मी वाढलं.

सगळे म्हणतात, बावन्न दिवसांची उपाशी पोर, खाणार नाही तर काय करणार? खरंच आहे. दुसऱ्या दिवसापासून ती पहिल्यासारखीच टिपून खायला लागली. आज चिमणी तीन वर्षांची आहे, धाकटी ठणठणीत आहे, कामावर जाते. सर निवृत्त झाले. वही कुठे आहे, मी विचारलेलं नाही.

पण अजूनही कधी ती ताट पुढे करते, तेव्हा माझा हात भांड्यात थबकतो.

ती "ताई" म्हणेपर्यंत मी वाढत नाही.